मेणातला तुकडा

१

ब्लॉक जागेवर नव्हता.

मी खण आत ढकलला आणि पुन्हा ओढला. घाईत डोळे दगा देतात कधी कधी. पण नाही. चारशे बारा होता, चारशे चौदा होता, आणि दोघांच्या मधे बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी होती.

सव्वीस वर्षं मी ही खोली सांभाळतेय. आमचा विभाग यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा. पेशंटच्या पोटातून जे काही काढतात, मग ती मुठीएवढी गाठ असो की कणीएवढा तुकडा, ते मेणात बसवतात. तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे पापुद्र्यासारखे काप काढून काचेवर घेतात, रंगवतात. ती स्लाइड. पॅथॉलॉजीच्या मॅडम ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. मग सगळं माझ्या खणांत येऊन पडतं. कुणी ब्लॉक नेला तर त्या जागी पिवळं कार्ड ठेवायचं, नाव आणि तारीख घालून. हा नियम मी केलाय आणि मोठ्या सरांकडूनसुद्धा पाळून घेतलाय. सर आमचे सर्जन. त्यांना बाकी कुणी नियम सांगायला धजत नाही.

रिकाम्या जागेत कार्ड नव्हतं.

माझी भावजय दारातच उभी होती, हातात पिशवी आणि दुसऱ्या इस्पितळाची चिठ्ठी घेऊन. तिला आणखी एका डॉक्टरांचं मत हवं होतं. सरांची हरकत नव्हती. ब्लॉक घेऊन जा, उद्या संध्याकाळपर्यंत मत आलं तर बघू, एवढंच ते म्हणाले होते. तो बुधवार होता. शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन. अर्ध्याहून जास्त यकृत आणि सगळी पित्तनलिका काढायची होती. असं ऑपरेशन झालेल्या शंभरातले पाच-सात जण घरी परतत नाहीत, हे सरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नाही.

"सापडला का, ताई?" भावजयीने विचारलं.

एक कागद राहिलाय, दुपारी ये, अशी थाप मारून मी तिला वाटेला लावलं. चारशे तेरा नंबर माझ्या धाकट्या भावाचा होता.

२

खोलीच्या चार किल्ल्या. एक माझ्याकडे, एक पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे, एक कापकाम करणाऱ्या मामांकडे आणि एक संशोधन करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे. कुलूप फोडलेलं नव्हतं. म्हणजे मी सोडून तिघं. त्यांच्यापैकी एकाने माझ्या भावाचा तुकडा पळवला होता, आणि तोही ऑपरेशनला दोन दिवस राहिले असताना. का? ब्लॉक पळवायचा म्हणजे त्यात काहीतरी असणार, जे कुणाला दिसायला नको होतं.

पहिला संशय कुणावर जाईल हे सांगायला नको. संशोधनवाल्या बाईंना सगळे पाठीमागे 'अडतीस' म्हणतात. त्यांच्या अभ्यासाला पित्तनलिकेच्या कॅन्सरचे चाळीस नमुने हवेत आणि गेले आठ महिने त्या अडतीसवर अडकल्यात. भावाचा रिपोर्ट आला त्या दिवशी बाई माझ्याकडे अर्ज घेऊन हजर. मी त्यांना फाडकन सांगितलं होतं, माझा भाऊ अजून जिवंत आहे, त्याचं ऑपरेशन होऊ द्या, मग या.

मी थेट त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन धडकले आणि नको ते बोलले. चोर हा शब्दही वापरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फ्रिज उघडून दाखवला, कपाट उघडून दाखवलं, आणि शेवटी आपली यादी पुढे केली. चारशे तेरावर सोमवारीच काट मारलेली होती.

"तुमच्या भावाचा नमुना मला नकोच होता," त्या म्हणाल्या. "अर्ज दिल्यावर मी स्लाइड बघितली. कॅन्सर म्हणजे कोपऱ्यात एक कण. बाकी तीन तुकड्यांत काहीच नाही. एवढ्यावर माझं काम होत नाही."

मी ओशाळले. पण निघताना त्यांचं ते कोपऱ्यातला कण म्हणणं डोक्यातून जाईना. तीन तुकडे स्वच्छ, आणि कॅन्सर एकटाच कोपऱ्यात?

३

पॅथॉलॉजीच्या मॅडम नाकावर माशी बसू देत नाहीत. ब्लॉक गेला म्हटल्यावर आधी माझ्यावरच घसरल्या, की खोली कुणाच्या ताब्यात आहे. मी म्हटलं, मॅडम, स्लाइड तर तुमच्याकडेच आहे ना, मला एकदा दाखवा. मी बहीण आहे त्याची.

त्यांच्या खोलीत दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे. मी समोर बसले. मी डॉक्टर नाही, पण सव्वीस वर्षं स्लाइडी हाताळल्या की थोडंफार कळायला लागतं. भावाचे तीन तुकडे दिसले, गुलाबी-जांभळे. मॅडमनी काच सरकवली. कोपऱ्यात तो कण होता, आणि त्यातल्या पेशी मलाही वाईट दिसल्या.

पण एक गोष्ट खटकली. कण स्पष्ट दिसत होता तेव्हा शेजारचा तुकडा धूसर होता. मॅडमनी चाक जरा फिरवलं तर तुकडा स्पष्ट झाला आणि कण धूसर. मी विचारलं, दोन्ही एकदम का दिसत नाहीत? एकाच पापुद्र्यात असतील तर एकाच पातळीवर असायला हवेत ना?

मॅडमचा हात चाकावरच थांबला. त्यांनी पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा. भिंग बदललं. मला म्हणाल्या, कणाच्या कडेला बघा, या स्वादुपिंडाच्या पेशी. दुर्बिणीतून तुकडा काढला होता तो वर, यकृताच्या तोंडाशी. तिथे क्वचित स्वादुपिंडाचा एखादा चुकार पुंजका सापडतो, म्हणून रिपोर्ट लिहिताना त्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पेशंटला कावीळ होती, स्कॅनमध्ये नलिका आवळलेली दिसत होती, सगळं कॅन्सरकडेच बोट दाखवत होतं.

"हा कण या माणसाचा नसेलही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वरून येऊन बसला असेल. ब्लॉकमधून नवीन काप काढला तर एका मिनिटात कळेल. ब्लॉक आणा."

कुठून आणू? भावाच्या पोटात कॅन्सर आहे की नाही हे ज्याला विचारायचं, तो एकमेव साक्षीदार कुणीतरी पळवला होता. आणि घड्याळात चार वाजून गेले होते; दुपारी आलेल्या भावजयीला मी उद्यावर ढकललं होतं.

४

तिघांतले मामा राहिले. त्यांच्यावर संशय घ्यायला माझी जीभ रेटत नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी काप काढलेत. शब्दाला पक्का माणूस, आणि काम असं की त्यांच्या टेबलावर मेणाचा कपटा दिसायचा नाही. मी इथे नवखी होते तेव्हा मला त्यांनीच शिकवलं. आजपासून ते रजेवर होते, अंगात ताप म्हणून.

मी कापकामाच्या खोलीत गेले. यंत्राखालचा ट्रे मेणाच्या पांढऱ्या फितींनी भरलेला होता. मामा असा ट्रे सोडून घरी गेले? मी फिती उचलून उजेडात धरल्या. खालच्या फितींत मधोमध तुकड्याची पुसट सावली होती. वरच्या निव्वळ मेण. तुकडा संपला तरी कुणीतरी कापत राहिलं होतं.

मग मी कापकामाची वही उघडली. कोणता ब्लॉक कधी कापला हे ओळीने त्यात असतं. इथे थोडं समजावून सांगते. काप निघाला की तो कोमट पाण्याच्या तसराळ्यावर सोडतात, म्हणजे सुरकुत्या जातात, आणि मग खालून काच घालून अलगद उचलतात. आधीच्या माणसाचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहिला तर तो पुढच्याच्या काचेवर चढू शकतो. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे की कणीएवढे तुकडे सकाळी ताज्या पाण्यात कापायचे, आणि मोठ्या गाठी नंतर.

चारशे तेरा सकाळी कापलेला नव्हता. गेल्या गुरुवारच्या पानावर तो अगदी शेवटच्या ओळीत होता, दुपारी पावणेचारला. त्याच्या वर एकाच गाठीचे अकरा ब्लॉक, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे. आणि त्यांतल्या शेवटच्या ब्लॉकसमोर सोमवारी मॅडमनी लाल शेरा मारला होता: कापाचा कोपरा तुटलेला, पुन्हा काप द्यावा.

कोपरा तुटला. तो गेला कुठे?

मी स्टुलावर बसले. कारण तो गुरुवार मला आठवला. तुकडा दुपारी मेण भरणाऱ्या मशिनमधून निघाला होता, रीतीप्रमाणे दुसऱ्या सकाळी कापायचा. मी मामांच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. माझा भाऊ आहे, आजच कापा, मॅडम पाचला निघतात. मामा म्हणाले, थांब, पाणी बदलतो. नवीन पाणी तापायला अर्धा तास लागतो. आणि मी म्हटलं होतं, "मामा, पाणी बदलू नका. वरून कागद फिरवून कण टिपा आणि कापा."

५

गुरुवारी सकाळी मी मामांच्या घरी गेले. मामींनी दार उघडलं. दोन दिवस जेवले नाहीत, बोलत नाहीत, तूच विचार बाई, म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामा खिडकीशी बसले होते. मांडीवर स्लाइडींचा डबा. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"मी शोधत होतो गं," ते म्हणाले.

"काय?"

"कॅन्सर."

मग सगळं बाहेर आलं. सोमवारी लाल शेरा वाचला तेव्हाच त्यांचं धाबं दणाणलं. तुटलेला कोपरा, न बदललेलं पाणी आणि लगेच मागून आलेला माझ्या भावाचा तुकडा. मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी चारशे तेरा काढला. कार्ड ठेवलं नाही, कारण पाच मिनिटांत परत ठेवायचा होता. पुढच्या कापात तो कण दिसला असता तर तो माझ्या भावाचाच, म्हणजे रिपोर्ट बरोबर आणि मामा सुटले. कण दिसला नाही. आणखी खोल असेल म्हणून कापत गेले. काही काचा रंगवून बघायच्या, काही तशाच ठेवायच्या, आणि पुन्हा कापायचं. एकतीस वर्षं कामात असलेला माणूस, मनापासून देवाला विनवत होता की या पोराच्या तुकड्यात कॅन्सर सापडू दे. आणि मग हाताला मेणच लागायला लागलं. तुकडा संपला होता.

"एवढासा तर होता," मामा म्हणाले. "संपला हे कळलंच नाही मला. आता पुरावा पण नाही आणि तुकडा पण नाही. कुणाला तोंड दाखवू?"

मी त्यांच्यावर ओरडायला गेले होते, पण ओरडले नाही. तुम्ही उद्या सकाळी आठ वाजेपर्यंत असेच बसून राहणार होतात का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला. मी हात धरला नाही. डबा घेतला. तेवीस स्लाइडी होत्या. मामा, कपडे करा, म्हटलं, आपल्याला जायचंय.

६

दुपारी दोनला सरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. सर, मॅडम, अडतीस, मामा आणि मी. मॅडमनी तेवीसच्या तेवीस स्लाइडी पाहून घेतल्या होत्या. मी ओळीने सांगत गेले: कणाची वेगळी पातळी, स्वादुपिंडाच्या पेशी, वहीतला क्रम, तुटलेला कोपरा, मेणाच्या फिती. मॅडमनी पुढचं सांगितलं. तेवीसांत कुठेही कॅन्सर नाही. उलट एका विशिष्ट जातीच्या पेशींची गर्दी आहे. एक आजार असा असतो की शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चवताळून पित्तनलिकेवर चाल करून जातात. नलिका आवळते, कावीळ होते, स्कॅन हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

सरांनी डोळे मिटले होते. त्यांचा चेहरा वाचता येत नाही कधी.

"तुकड्यात दिसला नाही म्हणजे पोटात नाही, असं मी धरत नाही," ते म्हणाले. "कणीएवढा तुकडा चुकीच्या जागचाही असू शकतो. मी थांबलो आणि खरंच कॅन्सर असला, तर हाताशी असलेली वेळ मी घालवली असं होईल."

मग अडतीस बोलल्या. स्लाइडीवरच्या कणाचा आणि स्वादुपिंडवाल्या पेशंटच्या गाठीचा डीएनए ताडून बघते, म्हणाल्या, आणि न रंगवलेल्या काचांवर मॅडमना त्या आजाराची खास तपासणी करता येईल. सोमवारपर्यंत द्या.

सरांनी फोन उचलून थिएटरला सांगितलं, उद्याचं पहिलं ऑपरेशन रद्द. फोन ठेवून विचारलं, हा तुकडा दुपारी जुन्या पाण्यात का कापला?

मी तोंड उघडायच्या आत मामा उभे राहिले. "माझी चूक, सर. मला घरी जायची घाई होती."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला बोलायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. पण उद्यापासून इस्पितळात, घरात, भावजयीच्या डोळ्यांत मी कोण असेन, हे एकदम समोर आलं आणि माझी पाचावर धारण बसली. मी मान खाली घातली.

७

ते तीन दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. भाऊ ऑपरेशन टळलं म्हणून खूश, आणि मी रोज त्याचे पिवळे डोळे बघून मनात म्हणायची, थांबायला लावलं आणि आत खरोखरच कॅन्सर असला तर?

सोमवारी अडतीस स्वतः माझ्या खोलीत आल्या. कण दुसऱ्या पेशंटचा होता. त्या स्वादुपिंडवाल्या पेशंटच्या गाठीशी तंतोतंत जुळला. मॅडमची तपासणीही त्या दुसऱ्या आजाराकडेच बोट दाखवत होती. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला, आणि नव्या स्कॅनमध्ये नलिका मोकळी व्हायला लागलेली दिसली. सरांनी ते चित्र बराच वेळ बघितलं, आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणाले.

घरी तर मला डोक्यावर घेतलं. येईल त्याला भाऊ सांगायचा, ताई नसती तर माझं अर्धं यकृत बादलीत गेलं असतं. भावजय माझ्या पाया पडली. मी हसून वेळ मारून नेत होते.

मग मामांच्या चौकशीची नोटीस लागली. कामावरून काढणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. मामांनी माझं नाव कुठेच घेतलं नव्हतं. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी भावाकडे गेले आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पाणी बदलू नका हे कुणी म्हटलं तेही.

भावाने टेबलावरच्या गोळ्या बाजूला सारल्या.

"पाणी बदलू दिलं असतंस तर?"

"तर तो कण आला नसता. कॅन्सर म्हणून रिपोर्ट लिहिला गेला नसता."

"म्हणजे ऑपरेशनचं नावच निघालं नसतं."

"नाही."

भावजय म्हणाली, "आठवडाभर मी यांच्या छातीवर हात ठेवून झोपत होते, ताई. श्वास चाललाय ना, ते बघायला." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

भाऊ उठला. लहानपणी रुसला की तो असाच दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. मी हाक मारली नाही.

"उद्या तिथे सगळ्यांसमोर सांग," तो म्हणाला. "मग घरी ये. त्याआधी येऊ नकोस."

चौकशी अकराला होती. मी साडेदहालाच जाऊन पोचले. बाहेरच्या बाकावर मामा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मला बघितल्याबरोबर त्यांना कळलं मी कशाला आले ते, आणि त्यांनी नको म्हणून मान हलवली. आत कोण कोण असेल, काय विचारतील, उद्या माझी खोली माझी राहील का, काही माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"मामा," मी म्हटलं, "आज मला आधी बोलू द्या."